इराणी पत्रकाराचा जीवनपट लिहिताना तारखा अशा जुळवा

अकबर गंजी यांच्यासारख्या सुधारणावादी पत्रकाराचा जीवनपट लिहिताना पहिली चूक सालात होते. इराणी सौर वर्ष २०-२१ मार्चच्या सुमारास, नवरोजला सुरू होतं. इसवी सन काढायला फरवर्दिनपासून (पहिला महिना) डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखांच्या सालात ६२१ मिळवा, जानेवारीपासून वर्ष संपेपर्यंत ६२२. (आपल्या शकाला ७८-७९ मिळवतो, तसंच.) हे साल चांद्र हिजरी समजू नका, सगळंच कोलमडतं.

गंजींची अटक ३ ओर्दिबेहेश्त (दुसरा महिना) १३७९ची, म्हणजे २२ एप्रिल २०००. सुटका २७ एस्फंद (शेवटचा महिना, मार्चमध्ये संपणारा) १३८४ची. इथे ६२१ मिळवले तर २००५ येतं आणि तुरुंगातलं जवळजवळ एक अख्खं वर्ष पुसलं जातं. माणसाने भोगलेलं वर्ष असं हरवू नये. बरोबर तारीख १८ मार्च २००६.

महिन्यांचे दिवसही लक्षात ठेवा: पहिले सहा ३१चे, पुढचे पाच ३०चे, एस्फंद २९चा, लीप वर्षी ३०चा.

शिक्षेचा नुसता आकडा कधीच लिहू नका, कोर्टही लिहा. गंजींना आधी १० वर्षं कैद आणि ५ वर्षं हद्दपारी झाली, अपिलात ६ महिने उरले, नंतर पुन्हा ६ वर्षं ठरली. २००५चं दीर्घ उपोषण या सहा वर्षांतलंच.