जलरंगात 'चित्र बिघडलं' असं वाटल्यावर होणाऱ्या चुका टाळा

आकाश छान उतरलेलं असतं, पहिले वॉशही (पातळ रंगाचे थर) बरे बसलेले असतात, आणि निम्म्यावर आल्यावर समोरचा कागद अचानक परका वाटू लागतो. 'गेलं हे चित्र' असं मनात येतं. जलरंगात काम करणाऱ्या प्रत्येकावर ही वेळ येते. माझं ठाम मत आहे की चित्र बहुतेक वेळा तोवर बिघडलेलं नसतं. ते बिघडतं त्यानंतरच्या पाच मिनिटांत, घाबरलेल्या हाताने.

ओल्या रंगाला पुन्हा हात लावणं

सगळ्यात जास्त चित्रं इथे जातात. समजा, वाईजवळ मेणवलीच्या घाटावर बसून काम चाललंय. कृष्णेच्या पाण्यात पायऱ्यांचं प्रतिबिंब ओल्यातच सोडलंय. ते जरा फिकट वाटलं म्हणून ब्रश बुडवून पुन्हा टेकवला. कागद अर्धवट वाळलेला आणि ब्रशमध्ये पाणी जास्त. हे जादा पाणी आधीचा रंग ढकलत बाहेर पसरतं आणि त्याच्या कडेला फुलकोबीसारखी दातेरी रेघ उमटते. ती पुसायला जावं तर खालचा थर उठतो. तो झाकायला आणखी रंग, मग त्यावर आणखी एक हात. थोड्याच वेळात काळ्या दगडाच्या पायऱ्यांच्या जागी नुसता राखाडी चिखल उरतो.

म्हणून आधी कागद तिरका धरून बघा. पाणी चमकत असेल तर त्यात अजून रंग सोडता येतो. चमक गेली पण ओल आहे, ही खरी धोक्याची वेळ. तेव्हा ब्रश खाली ठेवा आणि हात मागे घ्या. वाळलंय का याची खात्री हवी असेल तर तळहाताची मागची बाजू कागदाला हलकेच लावा. गार लागलं तर आत ओल आहे.

आणखी एक गोष्ट. जलरंग वाळल्यावर फिकट होतो. ओल्या कागदाकडे बघून आलेली शंका ही अजून तयारच न झालेल्या चित्राबद्दलची असते. 'फार गडद झालं' म्हणून घाईने पाणी फिरवणाऱ्यांची चित्रं वाळल्यावर निस्तेज दिसतात, ती यामुळेच.

वाळल्यावर मात्र शंका घ्या

पूर्ण वाळलेल्या चित्रावर शंका घेणं कामाचं असतं. बोर्ड भिंतीला टेकवून आठ-दहा फूट मागे जा. मोबाइलवर फोटो काढून तो कृष्णधवल करा. 'काहीतरी चुकतंय पण कळत नाही' या तक्रारीचं उत्तर बहुतेकदा इथेच सापडतं: सगळं चित्र मधल्याच टोनमध्ये, म्हणजे ना फार फिकट ना फार गडद, अडकलेलं असतं. कमानीखालचा अंधार, पायरीच्या कडेखालची सावली अशा दोन-तीन जागी धीटपणे गडद टाकला की बाकीचं चित्र आपोआप उजळतं. फोटो आडवा उलटा करून पाहिला तर तिरकी गेलेली भिंतही लगेच लक्षात येते.

प्रत्येक डाग काढायलाच हवा असं समजणं

आकाशात उमटलेली ती फुलकोबीसारखी रेघ ढग म्हणून खपते, जुन्या भिंतीवर तर ती पोत देते. चेहऱ्यावर किंवा शांत पाण्यावर ती खपणार नाही. डाग काढायचाच असेल तर कोणता रंग वापरलाय ते आधी आठवा. अल्ट्रामरीन आणि कोबाल्ट ब्लू बऱ्यापैकी उठतात. थॅलो ब्लू आणि अलिझरिन क्रिमसन कागदात मुरतात. त्यांच्याशी झगडण्यात अर्थ नाही. स्वच्छ ओलसर चपट्या ब्रशने हळूहळू घासा, टिश्यूने टिपा, वाळू द्या, मगच पुन्हा. ३०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम, म्हणजे जाड) कॉटन कागद हे सोसतो. साध्या कागदाची लव उठते आणि मूळ डागापेक्षा ती जागा जास्त वाईट दिसते.

झाकला गेलेला पांढरा हायलाइट (उजेडाचा ठिपका) धारदार ब्लेडच्या टोकाने खरवडून किंवा थोड्या पांढऱ्या पोस्टर कलरने परत आणता येतो. यात कमीपणा मानू नका.

कागदाचा दोष स्वतःच्या माथी मारणं

पावसाळ्यात मुंबई-कोकणात अनेकांना वाटतं की आपला हात बिघडला. प्रत्यक्षात दमट हवेने कागदावरचं साइझिंग (पाणी लगेच शोषलं जाऊ नये म्हणून दिलेली खळ) गेलेलं असतं आणि रंग जागोजागी टीपकागदात शिरावा तसा आत शोषला जातो. कोपऱ्यावर नुसत्या पाण्याचा हात फिरवा. गडद ठिपके उमटले तर तो कागद कोळसा किंवा ॲक्रिलिकसाठी ठेवा. नवा कागद ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद प्लास्टिकमध्ये ठेवायचा.

दुसऱ्याच्या पुऱ्या चित्राशी आपलं अर्धं चित्र ताडून पाहणं

चित्रकार सावळाराम हळदणकरांचं 'ग्लो ऑफ होप' हे चित्र मैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. हातात दिवा घेतलेली तरुणी आणि बोटांतून झिरपणारा उजेड. पुष्कळ लोक ते राजा रविवर्म्याचं तैलचित्र समजतात. ते जलरंगातलं आहे. असं काम बघितलं की ब्रश उचलवत नाही, हे खरं. पण अशा चित्रात शंकेला जागा आधीच दिलेली असते, कागदावर रंग पडण्यापूर्वी. आपणही ते करू शकतो. काडेपेटीएवढ्या चौकटीत पांढरा, मधला, गडद अशा तीनच टोनमध्ये कच्चं रेखाटन करा. उजेड कुठे राखायचा हे तिथेच ठरवा. हवी तेवढी खोडाखोड करा, चौकट बदला, घाट अर्धा कापा. नंतर मोठा कागद ओला केल्यावर निर्णय कमी उरतात, म्हणून हात कमी थरथरतो.

आणि रागाच्या भरात कागद फाडू नका. पुठ्ठ्याच्या दोन एल आकाराच्या तुकड्यांची चौकट करून ती चित्रावर सरकवून बघा. फसलेल्या पूर्ण पानात पोस्टकार्डाएवढा एखादा तुकडा बरेचदा उत्तम निघतो. तो कापून ठेवा. उरलेल्याच्या मागे तारीख, वापरलेले रंग आणि कुठल्या टप्प्यावर गाडी अडली ते लिहा. मागची कोरी बाजू पुढच्या वॉशच्या सरावाला वापरता येते.