अचानक वाट बदलली की देवावर भरवसा कसा ठेवायचा

बुटीबोरीच्या कंपनीतून एका दुपारी नाव कमी होतं. नागपूरच्या मेडिकलमधून (सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यातून) आणलेल्या रिपोर्टात नको तो शब्द दिसतो. पत्रिका वाटून झाल्यावर लग्न मोडतं. काटोलकडच्या संत्र्याच्या बागेतला आंबिया बहार गळून जातो आणि बँकेचा हप्ता तसाच उभा राहतो. अशा वेळी घरातलं कुणीतरी म्हणतंच, "देवावर भरवसा ठेव बाप्पा." म्हणणारा अगदी मनापासून म्हणतो. पण भरवसा ठेवायचा म्हणजे उद्या सकाळी उठून नेमकं काय करायचं, हे सहसा कुणी सांगत नाही. ते इथे क्रमाने लिहितो आहोत. उदाहरणं घरच्या देव्हाऱ्याची आहेत. तुम्ही ताजबागेच्या दर्ग्यात जात असाल किंवा चर्चमध्ये, तर दिवा आणि माळेच्या जागी तुमची प्रार्थना धरा, बाकीचं तसंच लागू पडतं.

मन शांत झालं की देवासमोर बसू, असं ठरवलं तर बसणं होतच नाही. आधी बसायचं. बरं वाटणं पंधरा-वीस दिवसांनी येतं, कुणाला महिना-दोन महिने लागतात.

पहिले तीन दिवस

या तीन दिवसांत मोठं काही ठरवू नका. नवस बोलू नका, गंडा-दोरा बांधून घेऊ नका, दागिने मोडू नका, गावाकडचं वावर विकायचा शब्द कुणाला देऊ नका. घाबरलेलं मन मिळेल त्या दराने सौदा करतं आणि नंतर तो सौदाच गळ्याशी येतो. उपचाराची किंवा पोलिसांची निकड असेल तर ते अर्थातच लगेच करायचं.

करायचं ते एवढंच. दोन वेळा जेवायचं, भूक नसली तरी वरणभात. संध्याकाळी देवापुढे निरांजन लावायचं, मागणं सुचलं नाही तरी. आणि तीनच माणसांना पूर्ण हकिकत सांगायची: एक कागदपत्रं-पैसे समजणारा, एक रात्री-बेरात्री गाडी घेऊन येईल असा, आणि एक असा की जो ऐकून घेईल आणि सल्ला देणार नाही. नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. तिथे दहा जण दहा देव, दहा डॉक्टर आणि दहा काढे सांगतात, आणि यातलं काय करायचं राहिलं म्हणून असं झालं, हे ओझं तुमच्या डोक्यावर येतं.

दोन पानांची वही

या सगळ्यात सर्वांत जास्त उपयोगी पडते ती साधी शंभर पानी वही. समोरासमोरची दोन पानं उघडा. डाव्या पानावर शीर्षक "माझ्याकडे", उजव्यावर "देवाकडे". रोज संध्याकाळी दिवा लावल्यावर दहा मिनिटं.

समजा घरात आईची बायप्सी झाली आहे आणि रिपोर्ट यायला आठवडा आहे. डाव्या पानावर येईल: जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे फाइलला लावणे, उद्या. आधार आणि रेशनकार्डाच्या दोन-दोन झेरॉक्स, उद्या. हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला (सरकारी योजनेची मदत करणाऱ्याला) भेटून मोफत उपचारांच्या महात्मा फुले योजनेत हा उपचार बसतो का विचारणे, सोमवारी. रात्री कोण थांबेल ते दादाशी बोलून ठरवणे, आज. डॉक्टरांना विचारायचे पाच प्रश्न कागदावर लिहिणे, मंगळवारी. उजव्या पानावर: रिपोर्टात काय येईल. आईला ते किती सोसेल. दादा या वेळी तरी सोबत राहील का.

नियम सोपा आहे. ज्या ओळीला क्रियापद आणि तारीख लावता येते ती डावीकडे. जिला लावता येत नाही ती उजवीकडे. उजवीकडची ओळ एकदाच लिहायची. दुसऱ्या दिवशी तीच काळजी आली की पुन्हा लिहायची नाही, तिच्यासमोर छोटी खूण करून "ही तुझ्याकडे दिली आहे" असं तोंडाने म्हणायचं आणि पान उलटायचं. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला 47वा श्लोक आपल्यातल्या बहुतेकांना शाळेपासून पाठ आहे. कर्म आपलं, फळ आपल्या हाती नाही. ही दोन पानं म्हणजे त्याच श्लोकाचा रोजचा हिशेब.

वही बिघडते ती दोन प्रकारे. काहींचं डावं पान कोरंच राहतं, "देवच बघेल" म्हणून. पण फॉर्म भरायची तारीख गेली तर तो देवाचा निर्णय नव्हता, आपला आळस किंवा भीती होती. अशा वेळी डावीकडे पाच मिनिटांत होईल असं एक काम लिहा, उदाहरणार्थ एक फोन, आणि तो दिवा विझायच्या आत करा. दुसरे लोक सगळंच डावीकडे ओढतात: सासरचे काय म्हणतील, साहेबांच्या मनात काय आहे, गाठ किती वाढेल. रात्री दीड वाजता मोबाईलवर आजाराची माहिती शोधणं हे त्याचं ठरलेलं लक्षण. तो शोध उजव्या पानावरच्या गोष्टीचा असतो, म्हणून कितीही वाचलं तरी संपत नाही. रात्री नऊनंतर मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा.

वही प्रत्येकाची वेगळी असावी. नवऱ्याचं उजवं पान बायकोने वाचायचं नाही, आणि उलटही.

रोजची वीस मिनिटं

वेळ शक्यतो पहाटेची, फोन हातात घ्यायच्या आधी. रात्री थकलेल्या मनाला प्रत्येक गोष्ट दुप्पट मोठी दिसते आणि प्रार्थनेची जागा रडणं घेतं. सकाळची ड्यूटी असेल किंवा हॉस्पिटलात मुक्काम असेल तर जमेल ती वेळ, पण रोज तीच. जागाही तीच. वॉर्डात असाल तर खिडकीजवळची खुर्ची चालते. तिथे दिवा-उदबत्ती लावायची नाही, ऑक्सिजनजवळ ज्योत धोक्याची असते.

पहिली दोन-तीन मिनिटं नुसतं बसा आणि श्वास सावकाश सोडा. मग एक माळ, 108 मणी. नाव छोटं घ्या, "राम कृष्ण हरी" किंवा घरात चालत आलेलं. घाई न करता एका माळेला साधारण सहा-सात मिनिटं लागतात. माळ मधल्या बोटावर, अंगठ्याने मणी आपल्याकडे ओढायचा, तर्जनी लावायची नाही, मेरुमणी, म्हणजे माळ जिथे जुळते तिथला वेगळा मणी, ओलांडायचा नाही, तिथून माळ उलटी फिरवायची. मन भटकणारच. ते हॉस्पिटलच्या बिलाकडे गेलं तर चिडू नका, मणी पुढे ओढत राहा. भटकलं म्हणून पहिल्यापासून सुरू करायचं नाही. असं पुन्हा-पुन्हा करणारे चौथ्या दिवशी माळ ठेवून देतात.

उरलेल्या वेळात मोठ्याने, आपल्या घरच्या बोलीत, आजच्या दिवसापुरतं मागा. "सगळं नीट होऊ दे" या मागण्याला धरायला कुठेच जागा नसते. "आज अकरा वाजता बँकेच्या साहेबांसमोर माझा आवाज फुटू दे" हे मागता येतं, आणि संध्याकाळी ते झालं का, हे पाहताही येतं. शेवटी एका गोष्टीचे आभार. ती खरी असावी. काहीच सुचलं नाही तर सकाळी नळाला पाणी आलं हेही चालेल.

वीस मिनिटांचे दोन तास करू नका. संकट आलं की लोक हरिपाठ, रामरक्षा, मनाचे श्लोक, पारायण सगळं एकदम सुरू करतात. आठवड्यात दम लागतो, एक दिवस चुकतो, आणि चुकलं म्हणून देव कोपेल ही नवी धास्ती जुन्या दुःखावर चढते. वाढवायचंच असेल तर चाळीस दिवसांनी, तेही पाच मिनिटांनी.

एकट्याने बसणं होतच नसेल तर सामुदायिक प्रार्थनेला जा. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (1909–1968) विदर्भात लावलेली ही सवय गुरुदेव सेवा मंडळांत आजही चालते. तिथे आपल्याला काही म्हणावं लागत नाही, चार जणांच्या आवाजात बसलं तरी पुरतं. देवळात जायचं असेल तर नागपूरच्या टेकडीच्या गणपतीला मंगळवार आणि चतुर्थी सोडून सकाळी लवकर जा. रांगेत ढकलत दर्शन घेण्यापेक्षा तिथे दहा मिनिटं बसायला मिळणं या दिवसांत जास्त मोलाचं आहे.

देवाचा राग आला असेल तर

तो येतोच, आणि बरेच जण तो पाप समजून गिळतात. गिळलेल्या रागाने प्रार्थना कोरडी पडते, कारण मनातली सगळ्यात मोठी गोष्ट सोडून आपण इकडचं-तिकडचं बोलत बसतो. आपल्या संतांनी असं केलं नाही. दुष्काळात बायको अन्नावाचून गेली, धंदा बुडाला, त्या तुकोबांच्या गाथेत "माझे लेखीं देव मेला" असा अभंग आहे. जनाबाईने विठ्ठलाला शिव्या घातल्या आहेत. त्या भांडणात त्यांनी पाठ फिरवली नाही, समोर उभं राहून भांडले.

तुम्हीही तसंच करा. दार लावा, पाच मिनिटांचा अलार्म लावा आणि बोला. सुरुवात "तू" ने करा, "माझं नशीब" ने नको. नेमकं बोला: कोणती तारीख, कोणतं घर, काय हिरावलं. रडू आलं तर येऊ द्या. अलार्म वाजला की थांबायचं, पाणी प्यायचं आणि एकच वाक्य: "आता आजचं काय करू ते सांग." उत्तर कानात येणार नाही. डाव्या पानावरचं पहिलं काम उघडा. अलार्म यासाठी की वेळेचं बंधन नसलं तर तक्रार फिरून-फिरून तिथेच येते आणि अंगातली ताकद घेऊन जाते.

नवस, उपास आणि बुवा

पहिले तीन दिवस गेल्यावर नवस बोलायला हरकत नाही, पण तीन मर्यादा ठेवा. पैशाचा नवस महिन्याच्या घरखर्चातून उधारी न करता फिटेल एवढाच. देहाचा नवस स्वतःच्याच देहाचा, लेकीने अनवाणी कोराडीच्या देवीला जावं असा नवस आईने बोलायचा नाही. आणि नवसात औषध सोडण्याची अट कधीच नको. बोललेला नवस आता झेपत नसेल तर देवासमोर तसं सांगा आणि मेडिकल-मेयो या सरकारी दवाखान्यांच्या बाहेर थांबलेल्या नातेवाइकांना जमेल तेवढे डबे द्या. देव सावकार नाही.

नागपूरच्या मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. या दिवसांत निर्जळी उपास करू नका, आणि मधुमेहाचं औषध चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणताच नको. काळजीने आधीच झोप आणि भूक गेलेली असते, त्यात उपास धरला की चक्कर येऊन दुसरा पेशंट घरात तयार होतो.

बुवा-बाबा ओळखायची चिन्हं ठरलेली आहेत. उपचार थांबवायला सांगतो. घरच्यांपासून लपवायला सांगतो. पहिल्या वेळी 501 घेतो आणि तिसऱ्या वेळी 21 हजार. "अमावास्येच्या आत नाही केलं तर" अशी धमकी घालतो. यातलं एक जरी दिसलं तरी उठून या. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाण्यापासून रोखून मंत्र-दोरे करणं हा महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

"मागल्या जन्मीचं भोगतेस" असं कुणी म्हटलं तर वाद घालू नका. "ते उजव्या पानावरचं आहे, काकू" एवढं मनात म्हणा आणि विषय बदला. त्या बोलण्याने तुमचं एकही काम पुढे सरकत नाही.

प्रार्थना कोरडी पडते तेव्हा

साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात असं होतं की नाव घेताना काहीच वाटत नाही. हा बिघाड नाही. पहिल्या धक्क्याची भरती ओसरलेली असते आणि परिस्थिती मात्र तशीच असते. या काळात वेळ कमी करा, पण जागा आणि क्रम मोडू नका. माळ अर्धी चालेल.

वेगळी गोष्ट ही: दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, कशातच मन लागत नाही, किंवा जगून काय उपयोग असे विचार येत असतील, तर ते श्रद्धा कमी पडल्याचं लक्षण समजू नका. तो आजार असू शकतो आणि त्यावर औषध आहे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र फुकट चालतो. नागपुरात प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, मेडिकललाही मानसोपचार विभाग आहे. मरणाचे विचार येत असतील तर त्या माणसाला एकटं ठेवू नका आणि त्याच दिवशी न्या. गोळी आणि माळ दोन्ही सोबत चालतात.

आणि मागितलं ते झालंच नाही तर?

माणूस गेला, नोकरी परत मिळाली नाही, कोर्टाचा निकाल उलटा लागला. इथे घाईने अर्थ लावू नका. "यातच काहीतरी चांगलं असेल" हे वाक्य स्वतःलाही सहा महिने म्हणू नका आणि दुसऱ्याला तर कधीच नको. माधानच्या गुलाबराव महाराजांची (1881–1915) दृष्टी ते तान्हे असतानाच गेली, ती परत आली नाही. तरी 34 वर्षांच्या आयुष्यात त्यांनी शंभराहून जास्त ग्रंथ सांगून लिहून घेतले. मागितलेलं मिळालं नाही आणि तरीही देवाशी नातं राहिलं, अशी आयुष्यं आपल्याच विदर्भात होऊन गेली आहेत. पण ते नातं पहिल्या महिन्यात दिसेल अशी अपेक्षा करू नका.

या दिवसांत फक्त दिवा. माळ, मागणं, आभार सगळं बाजूला ठेवलं तरी चालतं. वहीचं उजवं पान बंद करा, डावं चालू ठेवा, कारण वारसनोंद, विमा, पेन्शन, शाळेची फी यांना तारखा असतात. पंधरवड्यातून एकदा, एकादशीला सोयीचं पडतं, आधीच्या पानांवरून नजर फिरवा. उजवीकडच्या कितीतरी ओळी, ज्यांनी रात्र-रात्र झोप घेतली होती, तुम्ही हात न लावता कधीच मिटलेल्या दिसतील. काही तशाच उभ्या असतील. मिटलेल्यांवर रेघ मारा, उभ्या असलेल्या नव्या पानावर उतरवून घ्या.

शेजारच्या घरात असं काही घडलं असेल तर उपदेश घेऊन जाऊ नका. परत करायला लागणार नाही अशा डब्यात पोळीभाजी न्या, रिपोर्ट दाखवा म्हणू नका, पंधरा मिनिटांत उठा. निघताना "काही लागलं तर सांगा" असं न म्हणता "गुरुवारी चार ते सहा मी दवाखान्यात बसतो, तुम्ही घरी जाऊन अंघोळ करून या" असं म्हणा, आणि गुरुवारी चारला पोहोचा.