ड्रॅग कारच्या पुढच्या स्प्रिंगा: आधी काटा, मग खरेदी

मिशिगनमध्ये नोकरीला आलो तेव्हा ड्रॅग रेसिंग म्हणजे सगळा इंजिनाचा खेळ, असं मला वाटायचं. मग एका सहकाऱ्याच्या 1970च्या शेव्हेल गाडीवर शनिवार-रविवार हात काळे व्हायला लागले. पाव मैलाच्या शर्यतीत पहिले साठ फूट किती मोलाचे असतात आणि गाडी सुटताना भार मागच्या चाकांवर जाण्यासाठी नाक मोकळेपणी उचललं जाणं किती गरजेचं असतं, ते तिथे कळलं.

नवा माणूस थेट दुकानात जाऊन ‘ड्रॅगच्या स्प्रिंगा द्या’ म्हणतो. कृपा करून तसं करू नका. आधी चाकांखाली वजनकाटे ठेवा, ड्रायव्हरला आत बसवा. आमच्या गाडीच्या पुढच्या एकेका चाकावर 800 पौंड भरले. चाक, ब्रेक वगैरेंचे अंदाजे 80 वजा करून 720 उरले. पण स्प्रिंग चाकापाशी नसते, खालच्या आर्मच्या, म्हणजे चाकाला फ्रेमशी जोडणाऱ्या हलत्या दांड्याच्या, साधारण मध्यावर बसते. म्हणून तिच्यावर दुप्पट भार, 1440 पौंड. आता इंचाला 300 पौंड घेणारी स्प्रिंग 4.8 इंच दबेल, 240ची 6 इंच. म्हणजे नरम स्प्रिंगेत सव्वापट ऊर्जा साठते आणि तीच सुटताना नाक वर ढकलते. मात्र उंची तीच राखायची तर नरम स्प्रिंग मुळातच 1.2 इंच लांब हवी. हा हिशेब मी वहीत मांडला आणि तेव्हाच मला हे काम खऱ्या अर्थाने आवडायला लागलं.

बसवताना घाई नको. दबलेली स्प्रिंग सुटली तर जीव घेऊ शकते. ती फ्रेमला साखळीने बांधा, आर्मखाली जॅक ठेवा आणि तो इंच-इंच उतरवा. त्या वेळी समोर कुणालाही उभं करू नका. आमच्या आर्मच्या खोबणीत दोन भोकं होती. स्प्रिंगच्या तारेचं टोक एका भोकावर यायला हवं, दुसरं उघडं दिसायला हवं.

सगळं बसलं, गाडी खाली घेतली, तर नाक वरच! स्प्रिंग लांब आहे असं समजून मी अर्धा वेढा कापायला ग्राइंडर हातात घेतला. शेजारी गाडी लावलेल्या एका जुन्या रेसरकाकांनी मला थांबवलं. वेढे कमी झाले की स्प्रिंग कडक होते, म्हणजे नरम घेतल्याचा फायदाच जातो. त्यांनी विचारलं, “आर्मचे बोल्ट कधी आवळलेस?” चाकं लोंबकळत असताना आवळले होते. आर्मच्या सांध्यातले रबरी बुश त्याच अवस्थेत धरले गेले होते आणि खाली आल्यावर पिळून आर्म अडवत होते. चाकांवर भार ठेवून बोल्ट सैल केले, बोनेटवर चार-पाच वेळा दाब दिला, पुन्हा आवळले. नाक जागेवर आलं.

चाकांचं अलाइनमेंट त्यानंतर केलं. उंची बदलली की टो, म्हणजे वरून पाहताना चाकांचा आत-बाहेरचा कल, बदलतो.