तगरीवरची हिरवी अळी सांभाळताना

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत फाटकापासून जिन्यापर्यंत तगर लावलेली आहे. पावसाळ्यात ऑलिअँडर हॉक मॉथ या पतंगाच्या अळ्यांमुळे शेंड्यांची पानं गायब व्हायला लागली की माळीदादा फवारणीचा पंप काढतात. "ताई, सगळा पाला खाऊन टाकतात हो!" मी दरवर्षी त्यांच्याकडून तीन आठवडे मागून घेते. तगर पुन्हा फुटतेच.

अळी शोधताना आधी जमिनीकडे बघा. मिऱ्याएवढ्या काळपट लेंड्या दिसल्या की वरच्या फांदीवर नजर लावा. तरी पटकन सापडत नाही: रंग पानाचाच, कडेची पांढरी रेघही पानाच्या शिरेसारखी. शेपटाकडचं शिंग टोचत नाही. डिवचलं की डोकं आत ओढते आणि डोक्यामागचे दोन निळे डोळे मोठे दिसतात. ते खोटे, पक्ष्यांना बिचकवायला.

फांदीसकट घरी आणा. कण्हेरीवर सापडली असेल तर कण्हेरीचाच पाला द्या, पण तिचा चीक विषारी असतो. हात साबणाने धुवा, फांदी मुलांच्या हाती देऊ नका.

फांदी पाण्याच्या बाटलीत ठेवून तोंडाशी कापूस गच्च बसवा. पहिल्या वर्षी मी तो लावला नव्हता. सकाळी अळी पाण्यात मेलेली दिसली. अजून आठवलं की वाईट वाटतं. बाटली मोठ्या खोक्यात, वर मलमल. पाला रोज ताजा, लेंड्या रोज काढायच्या.

एक दिवस ती खाणं सोडते, पाठ तपकिरी पडते आणि खाली उतरून सैरभैर फिरते. आजारी नाही, कोषाची जागा शोधतेय. खोक्यात चार बोटं माती आणि वर वाळका पाला पसरा. त्यातच ती विरळ धाग्यांनी आडोसा करते. उकरून बघू नका, अधूनमधून पाण्याचा हलका शिपका पुरे. एक खडबडीत काडी मात्र तिरकी रोवाच. पतंगाला चढून लोंबकळता आलं नाही, तर पंख चुरगळलेलेच राहतात.

गेल्या श्रावणात कोषात गेल्यापासून चौदाव्या रात्री आमचा पतंग बाहेर आला. पोपटी आणि गर्द हिरवा, मधे गुलाबी झाक. पंख पसरल्यावर हा 9 ते 11 सेंटिमीटर भरतो. सजीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने 1758 मध्ये याला दिलेलं nerii हे नावही कण्हेरीवरूनच (Nerium) आहे.

दिवेलागणीला त्याच तगरीपाशी सोडा. उडण्याआधी तो थंडी वाजल्यासारखा थरथरतो. स्नायू तापवत असतो. हात लावू नका, थोडं थांबा.