‘गॅस गेलाय’ म्हणण्याआधी

गेल्या मे महिन्यात गोवळकोटच्या एका काकूंचा फोन आला. "फ्रिजचा गॅस गेलाय, भरायला किती घेणार?" गॅस गेल्याचं कुणी सांगितलं, असं विचारलं, तर आदल्या दिवशी एक जण बघून गेला होता. मी जाऊन फ्रिज पुढे ओढला. मागच्या काळ्या जाळीवर बोटभर धूळ, जळमटं, आणि फ्रिजवर घातलेली चादर मागून जाळीवर लोंबत होती. स्विच बंद करून ब्रशने जाळी झाडली, चादर काढली, फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढे ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनीच कळवलं, बर्फ धरला म्हणून.

चिपळुणात मी 26 वर्षं फ्रिज दुरुस्त करतोय. ‘गॅस गेलाय’ म्हणून बोलावतात, तिथे बहुतेक वेळा दुखणं दुसरंच निघतं. फ्रिजमधला गॅस शेगडीच्या सिलिंडरसारखा वापरून संपत नाही. तांब्याच्या आणि ॲल्युमिनियमच्या बंद नळ्यांतून तोच गॅस वर्षानुवर्षं फिरत असतो. आतली उष्णता उचलतो, मागच्या जाळीतून बाहेर टाकतो, परत आत जातो. तो कमी झाला असेल तर कुठेतरी भोक पडलंय. भोक न शोधता ‘दरवर्षी थोडा भरायला लागतो’ असं कुणी सांगितलं, तर त्याच्या हातात पैसे देऊ नका.

फ्रिज थंड करत नाही असं वाटलं की पहिल्यांदा नॉब बघा. नॉबवरचे आकडे डिग्रीचे नसतात. 1 म्हणजे कमी थंड, 7 म्हणजे जास्त थंड. उलटं समजून उन्हाळ्यात 1 वर ठेवलेले फ्रिज मी दरवर्षी बघतो. सिंगल डोअरमध्ये नॉबच्या मधलं डीफ्रॉस्टचं बटण भांडं लागून दाबलं गेलं, तरी बर्फ वितळेपर्यंत फ्रिज चालू होत नाही. मग मधल्या कप्प्यात पाण्याचा पेला ठेवून रात्रभर त्यात थर्मामीटर सोडा (तापाचा नव्हे, फ्रिजचा वेगळा मिळतो). सकाळी 4 अंशांच्या आसपास दिसलं तर फ्रिज ठीक आहे. मग दूध नासतंय ते गरम पातेलं आत ठेवल्यामुळे, किंवा दुधाचं भांडं दरवाजात ठेवल्यामुळे. दरवाजातली जागा सगळ्यात उबदार असते.

नव्या फ्रिजना मागे जाळी दिसत नाही. ती दोन्ही बाजूंच्या पत्र्याच्या आत बसवलेली असते, म्हणून बाजू हाताला गरम लागतात. फ्रिज तापलाय म्हणून लोक घाबरून बोलावतात, पण बाजू गरम असणं ही चांगली खूण आहे. गॅस फिरतोय, उष्णता बाहेर पडतेय. फक्त दोन्ही बाजूंना चार बोटं जागा सोडा, कपाटाच्या सांदीत कोंबू नका.

आता बर्फाकडे बघा, कारण घरच्या माणसाला सगळ्यात जास्त तोच सांगतो. सिंगल डोअरच्या फ्रीजरमध्ये चारी बाजूंनी जाड बर्फ चढला असेल तर गॅस भरपूर आहे. दरवाजाचं रबर हवा सोडतंय किंवा थर्मोस्टॅट मोटर बंद करत नाहीये. बर्फ एकाच कोपऱ्यात, वितभर पट्ट्यात, बाकी फ्रीजर कोरडा, मोटर (म्हणजे कॉम्प्रेसर) थांबायचं नाव घेत नाही आणि मागची जाळी जेमतेम कोमट, अशी सगळी लक्षणं एकत्र दिसली, तर गॅसचा संशय घ्यायला जागा आहे. डबल डोअर फ्रॉस्ट-फ्रीची, म्हणजे बर्फ आपोआप वितळवणाऱ्या फ्रिजची, तऱ्हा वेगळी. वरचा फ्रीजर चालतो, आइस्क्रीम घट्ट राहतं, पण खालची भाजी मरगळते. इथे गॅस बहुधा ठीक असतो. फ्रीजरच्या मागच्या पॅनेलआड बर्फाची लादी तयार होऊन खाली जाणारी हवा अडलेली असते. सगळं सामान काढा, प्लग काढा, दोन्ही दरवाजे उघडे टाकून पूर्ण एक दिवस तसाच ठेवा. खाली जुनी चादर अंथरा, पाणी पुष्कळ येतं. परत चालू केल्यावर आठ-पंधरा दिवस छान चालला आणि पुन्हा तेच झालं, तर डीफ्रॉस्टचा हीटर, सेन्सर किंवा टायमर गेलाय. मेकॅनिकला हे एवढं सांगितलंत, तरी त्याचं अर्धं काम होतं.

मोटर चालूच होत नसेल तर कान द्या. "घूंऽऽ" असा आवाज येऊन दहा-बारा सेकंदांत "टक" वाजतं, काही मिनिटांनी परत तेच. ही तक्रार उन्हाळ्यात संध्याकाळी जास्त येते, कारण तेव्हा व्होल्टेज पडलेलं असतं. आतला दिवा लागला म्हणजे व्होल्टेज पुरेसं आहे असं समजू नका. दिवा कमी व्होल्टेजवरही लागतो, मोटर उचलत नाही. प्लग काढून ठेवा. व्होल्टेज पूर्ण असूनही हाच आवाज येत असेल तर बऱ्याचदा मोटरच्या बाजूचा रिले, म्हणजे मोटर चालू करून देणारा छोटा भाग, गेलेला असतो. मेकॅनिकला तो काढून कानाशी हलवायला सांगा. आत खडखडला तर मेलाय, आणि नवा रिले मोटरच्या मानाने अगदीच स्वस्त असतो. रिले न तपासता ‘कॉम्प्रेसर गेला’ हे ऐकून घेऊ नका. वीज गेल्यावर लगेच परत आली तर फ्रिजला तीन-चार मिनिटं विश्रांती लागते. नळ्यांमधला दाब समान झाल्याशिवाय मोटरला जोर पुरत नाही. जुन्या फ्रिजना त्यासाठी टाइम-डिलेवाला, म्हणजे वीज आल्यावर थोडं थांबून चालू करणारा स्टॅबिलायझर लावा. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरवाले व्होल्टेजचं बरंच कमी-जास्त सोसतात, किती ते आतल्या स्टिकरवर लिहिलेलं असतं.

रबर तपासायला कागदाचा तुकडा दरवाजात धरून लावा आणि ओढा. सहज निसटला तर तिथून हवा जाते. आमच्याकडे पावसाळ्यात रबराच्या घडीत काळी बुरशी धरते आणि रबर ताठ होतं. कोमट पाणी, थोडा साबण, जुना टूथब्रश. मग कोरडं पुसून, दबलेल्या जागी कोमट पाण्यात बुडवलेलं फडकं थोडा वेळ धरून रबर बोटांनी बाहेर ओढा. निम्म्या घरी नवं रबर लागत नाही. जून ते सप्टेंबर फ्रिजच्या बाहेरून थोडा घाम येतो, तो कोकणातल्या हवेचा आहे.

खालच्या कप्प्यात पाणी साचतं त्याचं कारण मागच्या भिंतीच्या तळाशी असलेलं छोटं छिद्र. कोथिंबिरीचं एखादं पान तिथे अडकतं. बिनसुईच्या सिरिंजने कोमट पाणी सोडा, मोकळं होतं.

हे पाणी मागे मोटरवरच्या ट्रेमध्ये जातं, आणि त्या ट्रेबद्दल मी प्रत्येक घरात थांबून बोलतो. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. आरोग्य खात्याची माणसं सर्वेक्षणाला आली की माठाबरोबर फ्रिजचा ट्रेही बघतात, ते उगीच नाही. आठवड्यातून एकदा ट्रे ओता आणि कडा घासा. नुसतं ओतून भागत नाही, कारण अंडी कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन् महिने टिकतात.

आणि सुरी. फ्रीजरमध्ये चिकटलेली सुरमईची पिशवी सुरीने उचकटून काढताना ॲल्युमिनियमला भोक पडलं, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की मोजदाद नाही. सिंगल डोअरमध्ये गॅसची नळी त्या पातळ पत्र्यातच असते. ‘फुस्स’ असा आवाज आला तर शेगडी पेटवू नका, फ्रिजचा स्विच किंवा प्लग हलवू नका, खिडक्या उघडा आणि घरच्यांना बाहेर घ्या. आजच्या बहुतेक घरगुती फ्रिजमध्ये आर-600ए म्हणजे आयसोब्युटेन असतो, आणि तो पेटतो. मासे ठेवताना खाली प्लास्टिकचा ट्रे ठेवा, चिकटलंच तर स्विच बंद करून तासभर थांबा.

खरोखर गॅस भरायची वेळ आली, तर मेकॅनिकला विचारा: भोक कुठे सापडलं? फिल्टर-ड्रायर (नळीतली ओल शोषणारा भाग) नवा घालणार ना? व्हॅक्यूम पंप आणलाय का? गॅस वजनकाट्यावर मोजून भरणार का? आर-600एच्या छोट्या फ्रिजमध्ये 50 ग्रॅमच्या आसपासच गॅस असतो, नेमका आकडा स्टिकरवर छापलेला असतो. तिथे अंदाज चालत नाही. व्हॅक्यूम न करता भरलं तर आत राहिलेली हवा आणि दमटपणा बारीक नळी चोक करतात, आणि महिन्याभरात तुम्ही परत फोन करता. शेगडीचा गॅस भरून देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

शेवटी पुराचं, कारण ते आम्हाला सोसावं लागलंय. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, तेव्हा फ्रिज घराघरांत तरंगून आडवे पडले होते. पुढचे दोन महिने मी दुसरं काम केलं नाही. ज्यांनी वीज आल्या आल्या बटण दाबलं, त्यांचे रिले आणि सर्किट बोर्ड जळले, काहींना शॉक बसला. ज्यांनी थांबून मला विचारलं, त्यांच्यापैकी पुष्कळांचे कॉम्प्रेसर वाचले, कारण कॉम्प्रेसर चारी बाजूंनी सीलबंद असतो, पाणी आत जात नाही. पाण्याने बिघडतात ते बाहेरचे भाग. म्हणून बुडालेला फ्रिज उभा करा, मोटरचा भाग स्वच्छ पाण्याने धुऊन गाळ काढा, दरवाजे उघडे ठेवून वाळू द्या आणि मेकॅनिकने अर्थिंग आणि विजेची गळती मीटरवर तपासल्याशिवाय प्लग लावू नका. आडवा पडलेला फ्रिज किमान 24 तास उभा राहू दे, मोटरचं तेल जागेवर यायला तेवढा वेळ लागतो. महिन्याभरानंतरही पत्र्याच्या बाहेरून एकाच जागी सतत पाणी धरत असेल, तर आतला फोम भिजलाय. असा फ्रिज मी दुरुस्तीला घेत नाही, मालकाला तसं स्पष्ट सांगतो.