अंगणवाडीत काही झालं तर कोणाला आणि किती वेळात कळवायचं

"मॅडम, ग्रुपवर टाकलं होतं ना" हे वाक्य बीटच्या (एका सुपरवायझरकडच्या अंगणवाड्यांच्या) मीटिंगमध्ये नेहमी ऐकू येते. पण चौकशी लागली की ग्रुपवरचा मेसेज कोणी विचारत नाही, कागद कुठे आहे ते विचारतात. म्हणून सेविकाताई आणि मदतनीस ताईंसाठी हे लिहून राहिली.

पोट्टं पडलं, खिचडीनं भाजलं, विंचू चावला, अशा वेळी आधी 108 लावा नाहीतर मिळेल त्या गाडीनं प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा, मग मायबापाला फोन, मग सुपरवायझरला, आणि हे सगळं त्याच दिवशी. पावसाळ्यात आपल्याकडे सापाचं भ्या असतेच. साप चावला तर करकचून बांधत बसू नका आणि लोक म्हणतात म्हणून मांत्रिकाकडे तर अजिबात नका नेऊ, लस दवाखान्यातच असते. संध्याकाळी एक पान लिहून काढा. वेळ, जागा, कोण हजर होतं, तुम्ही डोळ्यानं काय पाहिलं आणि काय केलं एवढंच. "बहुतेक असं झालं असेल" हे लिहायचं नाही, तेच वाक्य पुढे तुमच्या अंगावर येते.

आहार खाऊन दोन-तीन लेकरांना उलट्या सुरू झाल्या तर लेकरं दवाखान्यात पाठवा, वाटप तिथंच थांबवा, आणि उरलेलं फेकू नका, फेकायची घाई सगळ्यांनाच असते. वाटीभर झाकून ठेवा, पाकीट असेल तर बॅच नंबरचा फोटो काढा, आणि आरोग्य केंद्र व सुपरवायझर दोघांनाही लगेच कळवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. लेकरासोबत कोणी घाणेरडं वागलं असं कळलं, किंवा तसं होईल अशी भीती वाटली, तर इथे सुपरवायझरची परवानगी लागत नाही, सरपंचाची तर नाहीच नाही. 2012 च्या पोक्सो कायद्यानं (लेकरांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) ज्याला कळलं त्यानंच पोलिसांना सांगायचं असते, आणि माहीत असून गप्प बसलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकते. गावात लगेच "मिटवून घेऊ बाई, पोरीचं नाव खराब होईल" सुरू होते, तुम्ही त्या बैठकीत बसूच नका. चांगल्या हेतूनं कळवलं आणि पुढे सिद्ध नाही झालं तरी तुमच्यावर केस होत नाही, कायद्यात तसं लिहिलेलं आहे. लेकराला पुन्हा पुन्हा खोदून विचारू नका, ते जे बोललं ते त्याच्याच शब्दात लिहा, नाव ग्रुपवर टाकू नका. ठाण्यात नोंद घेत नसतील तर एसपी ऑफिसला लेखी द्या. सुपरवायझरलाही सांगा, पण पोलिसांच्या नंतर.

एकटं सापडलेलं लेकरू असेल तर 24 तासाच्या आत पोलीस, 1098 (लेकरांसाठीची हेल्पलाइन) किंवा बाल कल्याण समितीला कळवा, "कोणी येईल न्यायला" म्हणून दोन दिवस घरी ठेवायचं नाही. पोरीचं लग्न 18 च्या आत जमलं असं कानावर आलं तर ग्रामसेवक, तोच गावातला बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असते, आणि हळद लागायच्या आधी कळवलं तर उपयोग. घरी बाळंतपण झालं किंवा बाळ दगावलं तर आशाताईला त्याच दिवशी सांगा, आणि ग्रामपंचायतीत जन्म-मृत्यूची नोंद 21 दिवसांत करायला घरच्यांच्या मागे लागा.

दंडघेर 11.5 सेंटीमीटरच्या खाली आला किंवा दोन्ही पायाला सूज दिसली तर महिन्याच्या रिपोर्टची वाट पाहू नका, आरोग्य केंद्राच्या सिस्टरला त्याच दिवशी दाखवा, ते सॅमचं म्हणजे अति तीव्र कुपोषित लेकरू आहे.

बदलांचं काम कंटाळवाणं आहे पण त्यातच जास्त अडकायला होते. दिवाळीनंतर घरं वीटभट्टीवर, ऊसतोडीला जातात. तेव्हा नाव कापून टाकू नका, कुठे चालले ते विचारा आणि पोषण ट्रॅकर ॲपमधून तिकडच्या अंगणवाडीत ट्रान्सफर करा, नाहीतर तिथे आहार मिळायला अडचण होते. स्लॅब गळून राहिला म्हणून समाजमंदिरात बसायचं असेल तर हलवायच्या आधी ग्रामपंचायत आणि सुपरवायझर दोघांना अर्ज द्या. पण प्लास्टर पडूनच राहिलं असेल तर आधी लेकरं बाहेर काढा, अर्ज दुपारी लिहा. सुट्टीवर जाताना पण लेखीच, आणि चावी कोणाकडे आहे ते त्यात टाका.

प्रत्येक अर्जाच्या दोन प्रती काढा, एकीवर सही-शिक्क्याची पोच घ्या. साहेब नाहीत, उद्या या, असं म्हणाले तर वाद घालू नका, स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती अर्जाच्या प्रतीसोबत रजिस्टरमध्ये चिकटवून टाका.