सभासदांना स्लाइड दाखवून शिकवताय? या चुका टाळा

पेठेतल्या ग्रंथालयात ऑनलाइन कॅटलॉग शिकवायला उभं राहिलं की समोर दोन गट असतात: वर्षानुवर्षांचे ज्येष्ठ सभासद आणि अभ्यासिकेतली एमपीएससीची मुलं. दोघांनाही पुस्तक शोधता यायला हवंय. आपण मात्र पहिल्या स्लाइड संस्थेच्या इतिहासावर घालवतो. पुणे नगर वाचन मंदिर १८४८चं, पुणे मराठी ग्रंथालय १९११चं; वारसा मोठाच आहे, पण तो दर्शनी भिंतीवर लावा. पहिल्याच स्लाइडवर शोधाची चौकट दिसू द्या.

सगळ्यात जास्त वेळ द्या तो शोध फसतो कुठे, याला. आपण हमखास सापडणारं उदाहरण घेतो, लोक माना डोलावतात आणि घरी जाऊन अडतात. त्यापेक्षा मुद्दाम फसणारा शोध दाखवा. एखाद्या काकूंनी लेखकाच्या रकान्यात 'कुसुमाग्रज' टाकलं, पण नाटकं 'शिरवाडकर, वि. वा.' या नोंदीखाली आहेत आणि दोन्ही नावं एकमेकांना जोडलेली नाहीत. काकूंना कविता दिसतील आणि नाटकं आपल्याकडे नाहीतच, असं वाटेल. मग उपाय दाखवा: आडनाव आधी, ऱ्हस्व-दीर्घ बदलून पाहा, शीर्षकातला एखादाच शब्द टाका. काही कॅटलॉगमध्ये मराठी पुस्तकांच्या नोंदी रोमन लिपीत असतात. तसं असेल तर ते आधीच सांगा.

दुसरी नेहमीची अडचण फॉन्टची. कार्यालयात श्री-लिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली स्लाइड सभागृहातल्या लॅपटॉपवर उघडली की पडद्यावर नुसती चिन्हं येतात. मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. निर्मला यूआय हा फॉन्ट विंडोजवर सहसा असतो. वेगळा फॉन्ट हवाच असेल तर पॉवरपॉइंटमध्ये फाइल, ऑप्शन्स, सेव्ह इथे जाऊन फॉन्ट फाइलमध्येच एम्बेड करा. सगळे फॉन्ट तशी परवानगी देत नाहीत, म्हणून पेनड्राइव्हवर पीडीएफ प्रत हवीच.

संगणकाच्या अख्ख्या पानाचा स्क्रीनशॉट लावू नका, मागच्या रांगेतल्या आजोबांना त्यातलं एक अक्षर दिसत नाही. लागेल तेवढाच भाग कापून मोठा करा. बहुतेक सभासद मोबाइलवर शोधतात आणि तिथे मेनू वेगळ्या जागी असतो, तेव्हा मोबाइलचेही स्क्रीनशॉट घ्या. वाय-फाय दगा देतं तेव्हाही हेच कामी येतात.

प्रोजेक्टर जोडूनही चित्र येत नसेल तर विंडोज आणि पी ही बटणं एकत्र दाबून 'डुप्लिकेट' निवडा. पडद्यावर तुमच्या नोट्स दिसत असतील तर पॉवरपॉइंटच्याच डिस्प्ले सेटिंग्जमधून 'स्वॅप' करा. आणि दुरुस्तीसाठी आपल्याकडे पुण्यात वीज बहुधा गुरुवारी जाते, तो वार टाळलेला बरा.

सलग बोलत राहणं ही चूक मला सर्वांत महागाची वाटते. एक कृती दाखवली की कीबोर्डवरचं 'बी' बटण दाबा, पडदा काळा होतो आणि लोक आपापल्या मोबाइलकडे वळतात. ज्याला जमत नाही त्याच्या हातातून फोन घेऊन आपण करून देऊ नये; शेजारी बसून त्यालाच करू द्यावं. अक्षरं उमटायला वेळ लागला तरी चालेल.

शेवटी 'धन्यवाद'ची स्लाइड नको. तिथे शोधाच्या पायऱ्या उभ्या ठेवा, प्रश्न विचारताना लोक त्यांच्याकडे बघतात. त्याच पायऱ्या आणि कॅटलॉगचा क्यूआर कोड कागदावर छापून देवघेवीच्या टेबलाशी ठेवा.